देवाच्या वतीने खुलासा

'बर्सर्क' ही जपानी ॲनिमे मालिका पाहून संपवलेल्या तरुणांची एक तक्रार हल्ली सतत कानावर येते. काही वर्षांपूर्वी 'जय मल्हार' रोज रात्री पाहणारी ज्येष्ठ मंडळी जी तक्रार करीत असत, ती हिच्याहून फारशी निराळी नव्हती. तक्रारीचे पहिले कलम असे की घटनांचा क्रम लागत नाही; आधी काय झाले, नंतर काय झाले, मधले कुठे गेले, याचा मेळ बसत नाही. दुसरे कलम असे की त्या देवाला, किंवा देवाच्या आसनावर जो कोणी बसला असेल त्याला, नेमके हवे काय होते हे शेवटपर्यंत कळत नाही. आमच्या मनोरसारख्या महामार्गावरच्या गावात एकाच घरातल्या दोन पिढ्यांचे, इतक्या लांबलांबच्या दोन गोष्टींबद्दल, एकच गाऱ्हाणे असावे याची मला मौज वाटते. मौज वाटत नाही ती या गाऱ्हाण्यावर जे औषध दिले जाते त्याची.

हे औषध देणारी एक जमात आहे. तिला मी खुलासेवाले म्हणतो. गोष्टीत भोक दिसले की त्यात कागदाचा बोळा कोंबल्याशिवाय यांना चैन पडत नाही. पूर्वी हे लोक माहात्म्ये लिहीत, प्रवचने करीत. आता ते मालिकांचे संवाद लिहितात, नाहीतर 'शेवटाचा खरा अर्थ' सांगणाऱ्या चित्रफिती काढतात. माध्यम बदलले, वृत्ती तीच आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच की खुलासेवाला हा निरुपद्रवी माणूस नव्हे. तो गोष्ट स्वच्छ करतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो तिच्यातून काहीतरी उचलून नेतो, आणि जे नेतो ते बहुधा कोणाच्या तरी हक्काचे असते.

'बर्सर्क' ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. केंतारो मिउरा या चित्रकाराने १९८९ मध्ये ही चित्रकथा सुरू केली. तिच्यावरची पहिली मालिका ऑक्टोबर १९९७ ते मार्च १९९८ या काळात जपानमध्ये प्रसारित झाली, भाग २५. ती निखळ प्रौढांसाठी आहे. पहिल्या भागात गट्स नावाचा योद्धा भेटतो. एक हात लोखंडी, एक डोळा गेलेला. दुसऱ्या भागापासून कथा त्याच्या भूतकाळात शिरते ती तिथेच राहते. ग्रिफिथ हा त्याचा सेनानी आणि मित्र. अखेरीस एका ग्रहणाच्या वेळी ग्रिफिथ आपल्या साऱ्या सोबत्यांचा बळी देतो आणि त्या मोबदल्यात मनुष्यपण टाकून 'गॉड हँड' या दैवी (की आसुरी?) मंडळातला पाचवा होतो. मालिका इथे थांबते. गट्स त्या कत्तलीतून जिवंत कसा सुटला हे ती सांगतच नाही. पहिल्या भागात त्याला जिवंत पाहिले आहे ना, मग सुटला असेल, असे प्रेक्षकाने समजून घ्यायचे. पुढे २०१२-१३ मध्ये तीन चित्रपट आले, त्यांनी तीच कथा पुन्हा सांगितली. २०१६-१७ मध्ये नवी मालिका आली, तिने मधला बराच मजकूर गाळून पुढचे सांगितले. इतक्या तुकड्यांतून क्रम लावायचा म्हणजे कपाळमोक्षच. ही तक्रार खोटी आहे असे मी म्हणत नाही.

खरी गंमत दुसऱ्या कलमात आहे. या मंडळाच्या वर कोणी आहे काय, आणि असल्यास त्याचा हेतू काय, हा प्रश्न मूळ चित्रकथेच्या वाचकालाही पडतो. मिउरांनी त्याचे उत्तर एकदा दिले होते. १९९६ मध्ये मासिकात छापल्या गेलेल्या ८३ व्या प्रकरणात ग्रिफिथ अस्तित्वाच्या तळाशी उतरतो आणि तिथे त्याला धडधडत्या अजस्र हृदयासारखा एक देव भेटतो. तो आपली जन्मकथा सांगतो : माणसांना आपल्या दुःखाला कारण हवे होते, त्या हव्यासातून मी जन्मलो. देव दुःख का देतो, तर माणसाला दुःखाचे कारण हवे असते म्हणून. यापेक्षा नेमका खुलासा कुठल्या देवाने आजवर केला असेल असे वाटत नाही. आणि लेखकाने काय करावे? पुस्तकाचा १३ वा खंड निघाला तेव्हा हे प्रकरण त्यातून काढून टाकायला लावले. एवढे सांगितल्याने पुढच्या कथेची वाट अरुंद होते, असे त्यांना वाटले.

हे प्रकरण आजही पुस्तकात नाही. पण मासिकाच्या जुन्या पानांच्या नकला जगभर फिरतात, आणि खुलासेवाल्यांचा सारा डोलारा या गाळलेल्या पानांवर उभा आहे. लेखकाने 'हे नाही' म्हणून जे मागे घेतले तेच 'हेच खरे' म्हणून पुढे केले जाते. मिउरा मे २०२१ मध्ये वारले. कथा अपुरी होती. २०२२ पासून त्यांच्या सहायकांनी ती पुढे नेली, आणि तिच्यावर देखरेख ठेवणारे त्यांचे तरुणपणापासूनचे मित्र, चित्रकथाकार कौजी मोरी यांनी आरंभीच जाहीर केले, की मिउरा मला जे बोलले होते तेवढेच मी सांगेन. त्यात भर घालणार नाही, आणि जे नीट आठवत नाही ते लिहिणार नाही. मृत मित्राच्या देवाचे मनोगत आपल्या पदरचे घालून रंगवणे मोरींना मुळीच अवघड नव्हते, आणि वाचक तेच मागत होते. त्यांनी ते केले नाही. आपल्याकडच्या माहात्म्यकारांत मला असा एक मोरी भेटावा अशी फार इच्छा आहे.

आता आपल्या देवाकडे वळू. 'जय मल्हार' २०१४ ते २०१७ अशी तीन वर्षे झी मराठीवर चालली. आमच्या तालुक्याच्या किनारपट्टीवरच्या कोळीवाड्यांत अनेक घरांचे कुलदैवत खंडोबा; त्यामुळे इकडे ती पाहिली गेली ती निव्वळ करमणूक म्हणून नव्हे. घराघरांत म्हाळसेच्या बाजूचे आणि बानूच्या बाजूचे असे तट पडले. प्रश्न एकच होता : देवाने दुसरे लग्न का केले? मालिकेच्या गुणदोषांत मी शिरत नाही. प्रश्न तिने निर्माण केला नाही, तो शेकडो वर्षांचा आहे. तिने फक्त तो देवळातून दिवाणखान्यात आणला.

जागरणाच्या गाण्यांत, वाघ्या-मुरळीच्या कथनात ही गोष्ट साधारण अशी येते. म्हाळसा ही नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक, देवाची थोरली राणी. पाली इथे पौष पौर्णिमेला तिचे लग्न लागले. बानू, म्हणजे बाणाई, ही चंदनपुरीच्या धनगराची पोर. देव म्हाळसेशी सारीपाट खेळतो, हरतो, आणि पणाप्रमाणे बारा वर्षे घराबाहेर पडतो. तो हरला की हरवून घेतले? गाणाऱ्यागणिक उत्तर बदलते. मग धनगराचे रूप घेऊन तो बानूच्या वाड्यावर चाकरी धरतो, मेंढ्या राखतो. एक दिवस त्याच मेंढ्या मारून टाकतो, आणि बानू देणार असाल तरच त्या उठवीन म्हणतो. लग्न होते. तो तिला घेऊन जेजुरीला येतो तेव्हा म्हाळसा आकांत मांडते, आणि अखेर गडाची वाटणी होते : वर म्हाळसा, खाली बानू. आजही पायऱ्या चढताना निम्म्या वाटेवर बाणाईचे देऊळ लागते. वरच्या मुख्य गाभाऱ्यात देवाजवळ आहे ती म्हाळसा.

यात किती न जुळणाऱ्या गोष्टी आहेत पाहा. त्रैलोक्याचा स्वामी सोंगट्या हरतो. ज्याने मणी आणि मल्ल हे दैत्य मारले तो एका धनगरापुढे मेंढ्यांना ओलीस धरून उभा राहतो. मल्लाचेही तसेच. एका परंपरेत तो मरताना माणसांचा विनाश मागतो, म्हणून त्याचे शिर देवळाच्या पायरीशी, भाविकांच्या पायाखाली. दुसरीत तोही मण्यासारखा शरण येतो आणि आपले नाव देवाच्या नावाला जोडून घेतो, म्हणून मल्हारी. एकच दैत्य, एकाच क्षणी, तुडवलाही जातो आणि देवाच्या नावात अमरही होतो. भाविक दोन्ही मानतो, आणि त्याची झोप उडत नाही.

खुलासेवाल्याची मात्र उडते. तो सांगतो की बानू ही मुळात धनगर नव्हेच. ती गंगा, शंकराच्या जटेतली. कुठे ती इंद्राची कन्या, धनगराला सापडलेली. कुठे देवाने तिला मागच्या जन्मी लग्नाचे वचन दिलेले असते, आणि पाणी पिताना तिचे नाव वाचून ते त्याला आठवते. हे धागे नंतर काही गाण्यांतही शिरलेले आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. लोकगीत म्हणजे शुद्ध झरा आणि पोथी म्हणजे गढूळ तळे, अशी सोपी वाटणी मला करायची नाही. फरक असा की गाण्यात वचनाची आठवण येते आणि जाते. तिने काही मिटत नाही. पुढच्या कडव्यात देव शेणामेंगण्यांत राबतोच, म्हाळसा भांडतेच, बानूच्या जातीचा उद्धार होतोच. खुलाशात मात्र सगळे मिटते.

मिटते म्हणजे काय होते? बानू गंगा झाली की ती धनगर राहत नाही. धनगराच्या मुलीने देव आपलासा केला ही गोष्ट मग उरत नाही. एका देवतेचे दुसऱ्या देवाशी लग्न झाले, मधला धनगरवाडा ही वाटेतली धर्मशाळा. देवाचा मोह हा मोह राहत नाही, तो थकलेल्या कर्जाचा हप्ता होतो. आणि म्हाळसेचा संताप, ज्यात घरोघरीच्या सवतींनी शेकडो वर्षे आपला आवाज ऐकला, तो निव्वळ अज्ञान ठरतो : बिचारीला ठाऊक नव्हते, सगळे आधीच ठरलेले होते! मेंढ्या मारण्याचा प्रसंगही असाच धुऊन निघतो. गाणे तो प्रसंग लपवीत नाही. देवाने बळजोरी केली हे ते ऐकवते आणि ऐकणाऱ्याला त्या अवघड जागी बसवून पुढे जाते. खुलासा म्हणतो, ती लीला होती. 'लीला' या शब्दाइतका कामसू बोळा मराठीत दुसरा नाही.

आणि हे एका बानूपुरते नाही. खंडोबाच्या राण्या पाच सांगतात. म्हाळसा वाणीण, बाणाई धनगरीण, रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चांदाई भागवानीण. ही शेवटची मुसलमान. पाच जातीजमातींच्या पाच घरांत देवाची सोयरीक आहे, म्हणजे पाच समाज 'हा आमचा जावई' असे म्हणू शकतात. गुंटर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने आयुष्याची कितीतरी वर्षे धनगरांमागे हिंडून, आणि रा. चिं. ढेरे यांनी पोथ्या आणि क्षेत्रे पालथी घालून, जे आपल्यापुढे ठेवले ते हेच : या देवाची गुंतागुंत ही चूक नव्हे, ती त्याच्या नातेवाइकांची यादी आहे. प्रत्येक विसंगतीमागे कोणीतरी उभे आहे. क्रम सरळ करायचा म्हणजे यातल्या चौघांना पंगतीतून उठवायचे. 'स्वतःला ब्रह्मांडपुराणाचा भाग म्हणवणारे' संस्कृत मल्हारीमाहात्म्य दैत्यवधाची कथा विस्ताराने सांगते. सोयरिकीची गोष्ट मुख्यतः गाण्याच्या तोंडी राहिली, हे मला योगायोगाचे वाटत नाही. रंभाई-फुलाईंसाठी पूर्वजन्म शोधता येतात, एखादी अप्सरा तरी सापडते. चांदाईपाशी लेखण्या अडखळतात आणि तिचे नावच गाळणे सोयीचे वाटू लागते.

'या जुन्या दंतकथा, त्यांचे आज काय?' असे विचारणाऱ्यांना एक तारीख सांगतो. १३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह केलेल्यांची माहिती घेण्यासाठी, मुली आणि त्यांची माहेरची माणसे यांच्यात समन्वय घडवण्यासाठी म्हणून समिती नेमण्याचा निर्णय काढला. ओरड झाल्यावर दोनच दिवसांत त्यातून 'आंतरजातीय' हा भाग वगळला; 'आंतरधर्मीय' राहिला. याच राज्यात आंतरजातीय विवाहाला शासन ५० हजार रुपये अनुदानही देते. एका हाताने उत्तेजन, दुसऱ्या हाताने चौकशी. ज्या महाराष्ट्राचे कुलदैवत स्वतः जातीबाहेर, धर्माबाहेर सोयरीक करून बसले आहे, त्याला प्रेमविवाहाचा हेतू तपासणारी समिती लागावी! मुलीने असे का केले, तिला कोणी फसवले काय, तिचा खरा हेतू कोणता. हे समितीचे प्रश्न आणि बानूला गंगा करणाऱ्याचे प्रश्न एकाच कुळातले आहेत. तिला आपणहून काही हवे असू शकते, हे दोघांनाही पटत नाही.

पंढरपूरचा दाखला वाटेत देऊन ठेवतो, कारण काही वाचक 'खंडोबा हा तामसी देव, तिथे असे चालायचेच' असे म्हणतील. विठोबा पंढरीला का आला? पुंडलिकासाठी, हे आपण शाळेत शिकतो. पण रुक्मिणी रुसून दिंडीरवनात येऊन बसली होती आणि तिची समजूत काढायला देव मागून आला, हीही तितकीच प्रचलित कथा. भक्ताच्या ओढीने आला की रुसलेल्या बायकोच्या मागे आला? आजही त्या दोघांचे गाभारे वेगळे आहेत, एवढा पुरावा वाचकांनी हवा तसा वाचावा. वारकऱ्यांनी दोन्ही हेतू सांभाळले आणि देवाला जाब विचारण्याचा हक्कही सोडला नाही. नामदेव, जनाबाई, तुकाराम विठ्ठलाशी भांडतात, त्याला वाटेल ते बोलतात. पण त्याच्या वतीने निवेदन काढत नाहीत.

आता यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. देवाचा हेतू असा मोकळा सोडला तर त्या अंधारात वाट्टेल ते खपते, असे विवेकवादी मित्र म्हणतात, आणि उदाहरण जेजुरीचेच देतात : मुरळी. नवस फेडायचा म्हणून लहान मुलींची लग्ने खंडोबाशी लावून त्यांना वाऱ्यावर सोडण्याची ही प्रथा. विसाव्या शतकाच्या आरंभी शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये सुरू केलेल्या 'सोमवंशीय मित्र' या पत्रातून तिच्यावर कोरडे ओढले. १९३४ मध्ये मुंबई प्रांतात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. हे सारे घडले ते देवाला प्रश्न विचारल्यामुळेच ना?

अगदी खरे. पण मुरळीची प्रथा टिकली कशावर हे नीट पाहावे. 'देवाला ही मुलगी हवी आहे' हे वाक्य कोणी उच्चारले होते? देवाने नव्हे. जट आली, अंगात आले, नवस चुकला, म्हणून देव ही मागतो : हा खुलासाच होता, देवाच्या वतीने माणसांनी केलेला आणि मुलीच्या आयुष्यावर वसूल केलेला. कांबळे लढले ते या खुलाशाशी. प्रश्न विचारणे आणि उत्तर भरून टाकणे या दोन गोष्टी विरुद्ध टोकांच्या आहेत, हे आपले विवेकवादी आणि भाविक दोघेही एकदमच विसरतात. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त खंडोबाला बळीराजाच्या राज्यातला, एका खंडाचा अधिकारी मानले. तोही एक जोडलेला धागा आहे, त्याला शिलालेखाचा आधार मागणाऱ्यांना तो मिळणार नाही. मात्र फुले हे उघड भांडण म्हणून मांडतात. ते आपले नाव खाली घालतात. माहात्म्यकाराचा धागा सूतांच्या, ऋषींच्या, खुद्द शंकराच्या तोंडून येतो. मला फुल्यांशी वाद घालता येतो. शंकराशी कसा घालू?

हा प्रश्न जेजुरी आणि पंढरपूर यांच्यापुरताच असता तर मनोरला बसून इतका त्रागा करण्याचे कारण नव्हते. पण हेच काम आमच्या भोवतीच्या पाड्यांवर, आमच्या डोळ्यांदेखत चालू आहे, आणि इथे पोथीचाही आधार नाही, सारे तोंडी आहे. वारल्यांच्या लग्नात घरातल्या भिंतीवर लग्नचौक लिहितात. तांदळाच्या पिठाने, सुवासिनींनी. चौकात पालघट देवी. बाजूच्या लहान देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या. त्याला म्हणतात पाच शिरांचा, आणि चित्रात कितीदा तरी त्याला शिरच नसते. मानेतून धान्याचे पाच कोंब फुटलेले असतात. ज्याचे नावच पाच डोक्यांवरून आहे त्याला डोके नाही! लग्न लावते ती धवलेरी, बाई. तिच्या गाण्याशिवाय लग्न पुरे होत नाही. देव कुठून आले, का आले, कोणावर रुसले, हे त्या गाण्यांत असते, आणि ते पाड्यापाड्याला, धवलेरीधवलेरीला वेगळे असते.

१९७० नंतर हे चित्र भिंतीवरून कागदावर आले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ते जगभर नेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांचे मोठेपण वादातीत आहे. पण चित्र कागदावर आले तेव्हा गाणे बरोबर आले नाही, आणि ज्या बायका ते लिहीत होत्या त्यांतल्याही थोड्याच आल्या. गाण्याची जागा रिकामी राहिली. ती भरली कोणी? चित्राखालच्या चिठ्ठीने. त्रिकोण म्हणजे डोंगर, वर्तुळ म्हणजे सूर्यचंद्र, चौकोन म्हणजे पवित्र भूमी, पालघट म्हणजे सुफलनाची देवता, तारप्याभोवतीचा नाच म्हणजे जीवनाचे चक्र. महामार्गावरच्या हॉटेलांच्या भिंतींपासून साड्यांच्या वेष्टनांपर्यंत हीच पाच वाक्ये. यांतले एखादे खोटे आहे असा माझा दावा नाही. ती फार लवकर संपतात, ही तक्रार आहे. 'सुफलनाची देवता' म्हटले की पालघटला विचारायचे काही उरत नाही. ती कोणावर रुसू शकत नाही, उशिरा येऊ शकत नाही, एका पाड्यात एक आणि पलीकडच्या पाड्यात दुसरे काही मागू शकत नाही.

वाईट याचे वाटते की पुढच्या पिढीतली वारली मुले ही पाच वाक्ये शाळेच्या प्रकल्पवहीत उतरवून घेत आहेत, आणि घरी आजी काही निराळे सांगू लागली की 'तसे नाही गं आजी, पुस्तकात असे आहे' म्हणून तिला दुरुस्त करीत आहेत. (हीच मुले रात्री 'बर्सर्क'चा क्रम लावीत बसतात आणि तिथे मात्र पाच वेगवेगळ्या मतांवर तावातावाने भांडतात. परक्या देवाच्या बाबतीत जी मोकळीक त्यांना आहे ती घरच्या देवाच्या बाबतीत आपण काढून घेतली.) आजीची आवृत्ती चुकीची ठरते कारण ती शेजारणीच्या आवृत्तीशी जुळत नाही. जुळावी हा आग्रह कोणाचा?

पालघर, डहाणू, विक्रमगड, जव्हार या भागांत ही गाणी गोळा करणारे हौशी आणि अभ्यासक दोन्ही आहेत, महाविद्यालयांतून तशी कामेही दिली जातात. त्यांना विनंती नव्हे, आग्रह आहे. दोन धवलेऱ्यांची गाणी जुळत नसतील तर दोन्ही छापा, पाड्याच्या नावासह, आणि त्यांची हरकत नसेल तर त्यांच्याही नावासह. मधले कडवे आठवत नाही असे ती म्हणाली तर तिथे 'आठवत नाही' असेच लिहा. शेजारच्या पाड्यातून आणून ते भरू नका. 'देवी असे का करते?' हे तिला अवश्य विचारा, आणि ती हसून गप्प बसली तर ते हसणे नोंदवा. प्रस्तावनेत देवांची वंशावळ काढू नका. आणि मुखपृष्ठावर पंचशिऱ्या घेणार असाल, तर चित्रकाराला त्याच्या मानेवर डोके काढायला सांगू नका.